अँटेनाच्या भोकापासून : गेम कन्सोल आणि टीव्हीच्या सोयरिकीची पार्श्वभूमी

चवथीला घर भरले की टीव्हीपुढे दोन तट पडतात. मुलांना गेम हवा असतो, मोठ्यांना मालिका, आणि इनपुट बदलण्याचे बटण शोधत रिमोट हातोहात फिरतो. हे सगळे एकाच पेटीत आणावे, ही कल्पना अलीकडची वाटते खरी. पण ती घरगुती व्हिडिओ गेमइतकीच जुनी आहे.

या गेमचे जनक मानले जाणारे राल्फ बेअर हे मुळात टीव्हीचे अभियंते. १९६६ मध्ये त्यांनी आपली कल्पना कागदावर उतरवली आणि पुढे एका अमेरिकन केबल कंपनीशी बोलणीही केली. मैदानाचे चित्र केबलवरून यावे आणि चेंडू व खेळाडू पेटीने उमटवावेत, असा तो बेत होता. तो बारगळला, आणि १९७२ मध्ये मॅग्नाव्हॉक्स कंपनीची ओडिसी ही गेमची पेटी, म्हणजे कन्सोल, बाजारात आली ती केबलविनाच. नंतर उलटे प्रयोग झाले. सेगा चॅनेलने १९९४ पासून अमेरिकेत केबलवरून, तर निन्टेन्डोने १९९५ पासून जपानमध्ये उपग्रहावरून घरोघरी गेम पोचवले. दोन्ही प्रयोग काही वर्षांत आटोपले.

आपल्याकडे नव्वदीच्या दशकात पणजी-म्हापशाच्या बाजारात मिळणाऱ्या नकली कॅसेटवाल्या गेमची वायर थेट टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात खुपसावी लागे आणि मुंग्यांतून चित्र वर येईपर्यंत चॅनेल लावत बसावे लागे. म्हणजे टीव्हीच्या लेखी गेम हे आणखी एक चॅनेलच होते. पाहुण्याचा हा दर्जा बदलला तो तबकड्यांमुळे. २००० मध्ये आलेला सोनीचा कन्सोल प्लेस्टेशन २ डीव्हीडीही चालवत असे, आणि त्यामुळे अनेक घरांत तोच पहिला डीव्हीडी प्लेअर ठरला. २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ ने ब्लू-रे या अधिक स्पष्ट चित्राच्या तबकडीच्या बाबतीत तेच केले. एचडी डीव्हीडी या तिच्या प्रतिस्पर्धी तबकडीने २००८ च्या फेब्रुवारीत माघार घेतली, त्यात या कन्सोलचा वाटा मोठा होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलवर नेटफ्लिक्स सुरू झाले. टीव्हीला जोडलेली, इंटरनेटवर असलेली आणि चित्रपट उलगडण्याइतकी ताकद असलेली पेटी तेव्हा बहुतेक घरांत दुसरी नव्हतीच. गंमत अशी, की प्लेस्टेशन ३ आणि निन्टेन्डोचा वी यांवर आरंभी नेटफ्लिक्स पाहण्यासाठी टपालाने आलेली तबकडी आत घालावी लागे : तबकड्यांचे युग संपवणारी सेवा तबकडीवर स्वार होऊन आली.

या यशाने मायक्रोसॉफ्टला धीर आला, माझ्या मते जरा जास्तच. २१ मे २०१३ रोजी एक्सबॉक्स वन जाहीर करताना गेमपेक्षा टीव्हीचाच गजर अधिक झाला. सेट-टॉप बॉक्सची वायर कन्सोलच्या मागे घ्यायची आणि तोंडी हुकूम देऊन चॅनेल बदलायचे, अशी ती योजना होती. खेळणारे नाराज झाले. शिवाय आवाज व हालचाली टिपणाऱ्या किनेक्ट कॅमेऱ्यासह किंमत ४९९ डॉलर पडली, तर प्लेस्टेशन ४ ची ३९९.

भारतात हा कन्सोल सप्टेंबर २०१४ मध्ये पोचला. डीटीएचची छत्री असलेली घरे सोडली, तर गोव्यात केबलवाल्याची वायर तेव्हा बहुधा सरळ टीव्हीतच जाई, कारण घरोघर सेट-टॉप बॉक्स लावायला लावणाऱ्या केबलच्या सक्तीच्या डिजिटलीकरणाच्या पहिल्या दोन टप्प्यांत गोव्यातले एकही शहर नव्हते. कन्सोलमधून फिरवायला सेट-टॉप बॉक्सची पेटीच नसेल, तर कन्सोलमागच्या त्या भोकाचा उपयोग काय?

पेट्या येईतो काळ पुढे सरकला होता. जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स भारतात आले, सप्टेंबरात जिओने मोबाइल डेटा स्वस्त केला, आणि टीव्ही स्वतःच संगणक बनू लागले. ज्यांचे बनले नाहीत, त्यांच्यासाठी टीव्हीला खोचायची बोटभर काठी (स्ट्रीमिंग स्टिक) पुरेशी झाली. कन्सोलवर आजही ओटीटीची अ‍ॅप चालतात, पण त्यांच्यासाठी कोणी कन्सोल घेत नाही. सोनीने अमेरिकेतली प्लेस्टेशन व्ह्यू ही इंटरनेट-टीव्ही सेवा जानेवारी २०२० मध्ये बंद केली. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या एक्सबॉक्स सिरीज एक्सच्या पाठीवर सेट-टॉप बॉक्सची वायर घेणारे भोक ठेवलेलेच नव्हते.