इम्पॅक्ट ड्रिल की रोटरी हॅमर? ठोका कोण मारतं ते आधी बघा

दोन्ही यंत्रांवर हातोडीचं चित्र असतं, दोन्ही भिंतीला भोक पाडतात आणि बोलताना दोघांनाही सरसकट ‘हॅमर’ म्हटलं जातं. मग कोणी इम्पॅक्ट ड्रिल स्लॅबमध्ये रेटत घाम गाळत बसतो, तर कोणी रोटरी हॅमरने बाथरूमच्या टाइलचे तुकडे करतो.

इम्पॅक्ट ड्रिल हे मुळात साधंच ड्रिल. आत दोन दातेरी चकत्या समोरासमोर असतात. त्या एकमेकींवरून खडखडत फिरल्या की बिट, म्हणजे भोक पाडणारं पातं, पुढेमागे थरथरतं. ठोके मिनिटाला ४०,०००च्या वर जातात, पण एकेक ठोका टिचकीएवढा. शिवाय चकत्या एकमेकींवर दाबल्या गेल्या तरच ठोका बसतो, म्हणजे जोर तुमच्या खांद्याचा.

रोटरी हॅमरमध्ये मोटर पिस्टन मागेपुढे हलवते, पिस्टनपुढे कोंडलेली हवा दाबली जाते आणि ती आतला हातोडा बिटाच्या बुडावर फेकते. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, पण दोन-तीन किलोच्या यंत्रातही एक ठोका साधारण २ ते ३ ज्यूलचा. एक किलोचं वजन वीसेक सेंटिमीटरवरून पडलं तर बसेल तेवढा, आणि तोही सेकंदाला सत्तर-ऐंशी वेळा. इथे यंत्र नीट धरायचं आणि भिंतीला बेताने टेकवून ठेवायचं. छाती लावून दाबलंत तर काम उलट मंदावतं.

हातात घेतल्यावर ओळखायचं ते चकवरून, म्हणजे बिट पकडणाऱ्या तोंडावरून. इम्पॅक्ट ड्रिलला तीन जबड्यांचा चक, बिटाचा दांडा गोल. रोटरी हॅमरचं बिट खाचांच्या दांड्याचं, म्हणजे एसडीएस. ते ‘टक्’ करून आत बसतं. बसल्यावर ओढून बघा, सुटून येणार नाही, पण सेंटिमीटरभर मागेपुढे सरकेल. नवख्याला वाटतं सैल राहिलं. नाही, ते तसंच हवं. म्हणून तर ठोका चकवर न जाता थेट बिटावर बसतो. दांडा पुसून बोटभर ग्रीस लावलं की झालं.

काँक्रीट हे रोटरी हॅमरचं हक्काचं काम, आणि खरा धोकाही तिथेच. भोक सुरळीत उतरत असताना बिट अचानक पुढे जाईना, आवाज बारीक आणि धातूसारखा झाला, तर समजा सळई लागली. ट्रिगर सोडा आणि भोक थोडं बाजूला घ्या. कार्बाइडच्या टोकाने सळई कापायचा हट्ट धरलात की टोक तुटतं, नाहीतर बिट अडकतं आणि यंत्रच हाताभोवती फिरतं. एकदा यंत्राची बाजूची मूठ न लावता शिडीवर चढलो होतो; मनगट आठवडाभर दुखलं. बिट अडकलं की ते मोटरपासून सोडवणारा यंत्रातला क्लच तेव्हा सुटतो, पण तो सुटेपर्यंतचा झटका तुम्हालाच सोसायचा असतो. म्हणून दोन्ही हात यंत्रावर आणि ट्रिगरचं लॉक नको.

विटेत मात्र ही ताकद जास्त होते. पोकळ वीट किंवा हलका सच्छिद्र ब्लॉक असेल तर ठोका बंद करून नुसतं फिरवा, नाहीतर आतल्या बाजूने खपली उडते, भोक मोठं होतं आणि गिट्टी, म्हणजे स्क्रू धरायला भोकात बसवायचा प्लग, हलत राहते. भिंतीत काय आहे ते भुकटी सांगते: लाल आली तर वीट, करडी आली आणि भिंत कडक लागली तर काँक्रीट.

टाइलवर ठोका अजिबात नाही, यंत्र कुठलंही असो. खुणेवर कागदी चिकटपट्टी लावा म्हणजे टोक घसरत नाही. भाल्यासारख्या टोकाचं टाइलचं बिट लावून सावकाश फिरवा; टाइल पार झाली की बिट बदला, मागे काँक्रीट असेल तरच ठोका चालू करा. टाइलमधलं भोक एक-दोन मिलिमीटर मोठं ठेवलं तर दुसरं बिट कडेला धडकत नाही. गिट्टीही टाइलच्या मागे ढकला. ती टाइलमध्येच फुगली तर तडा जायचा.

लाकूड आणि लोखंड यांना ठोक्याचा उपयोग शून्य. लोखंडात तर बिटाची धार जाते. तिथे इम्पॅक्ट ड्रिलचा ठोका बंद करून काम भागतं. रोटरी हॅमरला अडॅप्टर लावून साधं बिट बसवता येतं, पण फक्त फिरण्याच्या मोडवर. ठोक्यावर तो चक लवकरच खिळखिळा होतो.

स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली भोक नको, वायर बहुधा तिथूनच गेलेली असते. चष्मा, कानात प्लग आणि चांगला मास्क हवा. तोंडाला बांधलेला रुमाल चालत नाही. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, फुप्फुसाला ती करते ते नुकसान भरून येत नाही. छताला भोक पाडताना हा त्रास दुप्पट. सैल हातमोजे घालू नका, बिटात गुंतून हात ओढला जातो. आणि काम झाल्यावर प्लग काढूनच बिटाला हात लावा, तोही थोडं थांबून. काँक्रीटमधून नुकतंच बाहेर आलेलं बिट बोट पोळण्याइतकं तापलेलं असतं.