उम्रीगर, पॉली

उम्रीगर, पहलन रतनजी ऊर्फ पॉली : (२८ मार्च १९२६ – ७ नोव्हेंबर २००६). भारताचे कसोटी फलंदाज, अष्टपैलू खेळाडू व कर्णधार. जन्म सोलापूरचा, पारशी कुटुंबातला. काही नोंदींत मात्र जन्मस्थान मुंबई दिलेले आढळते. वडिलांचा कपड्याचा व्यवसाय असल्याने बालपण गिरण्यांच्या सोलापुरात गेले. शाळकरी वयातच ते मुंबईला गेले आणि क्रिकेटजगताने त्यांना मुंबईकर म्हणूनच ओळखले.

मुंबईत धर्मनिहाय पाच संघांत होणाऱ्या पंचरंगी सामन्यांत पारशी संघाकडून खेळून त्यांनी सुरुवात केली. १९४८ मध्ये पाहुण्या वेस्ट इंडीजविरुद्ध विद्यापीठांच्या संयुक्त संघातर्फे शतक झळकावले आणि त्याच डिसेंबरात कसोटी पदार्पण झाले. भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तो फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला, इंग्लंडविरुद्ध; त्यात उम्रीगरांच्या नाबाद १३० धावा होत्या.

त्यानंतरच्या इंग्लंड दौऱ्यात वेगवान गोलंदाज फ्रेड ट्रूमनच्या वेगापुढे ते पार गडबडले. चार कसोटींच्या सात डावांत अवघ्या ४३ धावा! हा किस्सा अजूनही चवीने सांगितला जातो. त्याच दौऱ्यात सर्व सामने मिळून त्यांनी १,६००हून अधिक धावा जमवल्या होत्या, हे मात्र सांगणाऱ्याच्या सहसा लक्षात राहत नाही. १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी काढलेल्या २२३ धावा हे कसोटीतील भारतीयाचे पहिले द्विशतक. आठ कसोटींत नेतृत्व केल्यावर संघनिवडीच्या वादातून त्यांनी १९५९च्या मद्रास कसोटीच्या तोंडावर कर्णधारपद सोडले. त्याच वर्षअखेरीस कानपूरला भारताने ऑस्ट्रेलियाला प्रथमच हरवले. फिरकी गोलंदाज जसू पटेलांचे १४ बळी सर्वांना पाठ आहेत, पण दुसऱ्या डावात उम्रीगरांनीही २७ धावांत ४ गडी टिपले होते.

त्यांचा खरा कस लागला तो १९६२च्या वेस्ट इंडीजविरुद्धच्या पोर्ट ऑफ स्पेन कसोटीत. आधी १०७ धावांत ५ बळी, मग ५६ धावा आणि फॉलोऑननंतर (पहिल्या डावात फार मागे पडल्याने लगेच पुन्हा फलंदाजी करावी लागल्यावर) वेगवान गोलंदाज वेस्ली हॉलच्या माऱ्यासमोर नाबाद १७२. तरीही सामना गेला आणि मालिका ०–५ अशी. त्याच मालिकेनंतर ते निवृत्त झाले. ५९ कसोटी, ३,६३१ धावा, १२ शतके, ३५ बळी. सामने, धावा व शतके या तिन्हींत तेव्हा ते भारतीयांत अव्वल होते. धावा आणि शतकांचे विक्रम पुढे गावसकरांनी मोडले. १९६२ मध्येच त्यांना पद्मश्री मिळाली. निवृत्तीनंतर त्यांनी राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्षपद व भारतीय संघाचे व्यवस्थापकपद सांभाळले. वर्षातील सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय खेळाडूला भारतीय क्रिकेट नियामक मंडळ त्यांच्या नावे पुरस्कार देते.