मालकाने डॉक्टरी तपासणीला बोलावलंय, जायचं का?

(कामावर जखमी झालेल्या कामगारांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आमच्या वकील कार्यालयाचं माहितीपत्रक)

प्रेस मशीनवर बोटं गेलेला ऑपरेटर असो की स्लॅबवरून पडलेला सेंट्रिंगवाला, पहिल्याच भेटीत हा प्रश्न येतो. मालकाचा डॉक्टर मालकाच्याच बाजूने लिहिणार, मग कशाला जायचं, असं अनेकांना वाटतं.

तरीही जा. 21 नोव्हेंबर 2025 च्या आधीच्या अपघातांना लागू असलेल्या कर्मचारी भरपाई अधिनियम, 1923 च्या कलम 11 प्रमाणे, अपघाताची नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांच्या आत मालकाने मोफत तपासणी देऊ केली, तर ती करून घेणं कामगारावर बंधनकारक आहे. सबळ कारण नसताना नकार दिलात, तर नकार चालू असेपर्यंत भरपाईचा हक्क थांबतो आणि त्या काळाचे पैसे मागाहूनही मिळत नाहीत. तपासणी न करता स्वतःहून गावी निघून गेलात तरी तोच परिणाम. इथे खोलीवर बघायला कोणी नसतं, म्हणून प्लास्टर घालून लगेच गावची गाडी पकडणारे कामगार आम्ही नेहमी पाहतो. त्यांची अडचण खरी असते. पण निघण्याआधी तपासणी उरकून घ्या. तेही जमत नसेल तर कारण आणि गावचा पत्ता लेखी कळवून पोच घ्या.

मालकालाही मर्यादा आहेत. तुमच्या संमतीशिवाय रात्री तपासणीला बोलावता येत नाही. तात्पुरत्या अपंगत्वासाठी दर पंधरवड्याला मिळणारी भरपाई चालू असेल तर ऊठसूट बोलावता येत नाही. महिला कामगाराची संमती नसेल, तर पुरुष डॉक्टरला तिची तपासणी दुसरी स्त्री तिथे हजर असतानाच करता येते.

जाताना घरचं माणूस सोबत न्या. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि केस पेपरच्या झेरॉक्स द्या, मूळ कागद हातचे सोडू नका. दुखणं वाढवून सांगू नका आणि लाजेने लपवूही नका. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कोणीही मागितला तरी देऊ नका.

दाखल्यावरचा टक्का आणि कमाईचा टक्का

आमच्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. डॉक्टर 30 टक्के लिहितो ते बहुधा त्या अवयवाच्या किंवा शरीराच्या अपंगत्वाबद्दल असतं. कायदा विचारतो ते वेगळं : तुमची कमाईची क्षमता किती गेली? काही दुखापतींचे टक्के कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतच दिलेले आहेत. अंगठा पूर्ण गेला तर 30, तर्जनी पूर्ण गेली तर 14. अनुसूचीत नसलेल्या दुखापतीसाठी कमाईचं नुकसान पात्र डॉक्टरने ठरवून द्यावं लागतं. म्हणून तुम्ही नेमकं काय काम करता, किती वजन उचलता, कोणत्या हाताने मशीन चालवता, हे डॉक्टरला आवर्जून सांगा आणि कागदावर उतरवून घ्या.

सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 1975 मध्ये एका सुताराच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचं अपंगत्व शंभर टक्के धरलं गेलं.

रुपयांत फरक केवढा पडतो ते पाहा. वय 30, हिशेबात धरायचा पगार 15,000. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000, आणि या वयाचा गुणक (वयानुसार कायद्यात दिलेला, ज्याने ही रक्कम गुणायची तो आकडा) 207.98. शंभर टक्क्यांना 18,71,820 रुपये होतात, तर 30 टक्क्यांना 5,61,546.

वाद आयुक्तांपुढे गेल्यावर

मालक किंवा विमा कंपनी टक्का मानत नसेल, तर कलम 19 खाली निर्णय भरपाई आयुक्त देतात. महाराष्ट्रात हे काम बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीश पाहतात. या वादासाठी दिवाणी कोर्टात जाता येत नाही. पण शपथेवर पुरावा घेणं, साक्षीदाराला हजर करणं, हजेरीपत्रक आणि पगारपत्रक मागवणं, हे दिवाणी कोर्टाचे अधिकार आयुक्तांना आहेत. ठेकेदार "हा माझा माणूसच नाही" म्हणतो तेव्हा हाच अधिकार कामी येतो. चौकशीत मदतीला ते विषयाचा जाणकारही घेऊ शकतात. दाखला देणाऱ्या डॉक्टरची साक्ष आणि उलटतपासणी होते. डॉक्टर आलाच नाही तर विमा कंपनी दाखल्यावर बोट ठेवते, त्यामुळे डॉक्टरला समन्स काढण्याचा अर्ज आम्ही सुरुवातीलाच देतो.

दावा दोन वर्षांत लावायचा असतो. उशिराला योग्य कारण असेल तर आयुक्त तो माफ करू शकतात. अपघात जिथे झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथल्या आयुक्तांकडेही तो लावता येतो. वाद चालू आहे म्हणून मालकाला सगळेच पैसे अडवता येत नाहीत. जेवढं तो मान्य करतो तेवढं आधी द्यावंच लागतं. रक्कम देय झाल्यापासून महिन्यात न दिल्यास 12 टक्के व्याज, आणि विलंबाला कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. हायकोर्टातलं अपील 60 दिवसांत आणि कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावरच होतं. म्हणून वैद्यकीय पुरावा आयुक्तांपुढेच भक्कम हवा.

कामगाराचा मृत्यू झाला असेल, तर घरच्यांनी मालकाकडून "सगळं मिटलं" अशा व्हाउचरवर सही करून पैसे घेऊ नयेत. मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते.

पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो का, हे आम्हाला आधी सांगा. तसं असेल तर हा रस्ता बंद असतो. तिथे टक्का ईएसआयचं मेडिकल बोर्ड ठरवतं, आणि तो मान्य नसेल तर मेडिकल अपील ट्रिब्युनल किंवा कर्मचारी विमा न्यायालयात दाद मागता येते.

अपघाताची तारीखही नेमकी सांगा. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 लागू झाली आहे आणि तिच्यात आयुक्तांच्या जागी सक्षम प्राधिकारी आहे. वरची कलमं आणि मुदती 1923 च्या कायद्याच्या आहेत. 21 नोव्हेंबर 2025 पासूनच्या अपघातासाठी मुदत आणि नोटीस आमच्याकडून तपासून घेतल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.