ओला पुरावा प्लास्टिकच्या पिशवीत नको

‘रक्ताचा डाग पडलेला कपडा लगेच प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करा, पुरावा टिकतो’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. ऐकायला पटतो, पण होतं उलटंच. आत ओल कोंडली की बुरशी आणि जिवाणू वाढतात, आणि तेच डागातला डीएनए खराब करतात. म्हणून कपडा आधी सावलीत, मोकळ्या हवेत वाळवायचा, मग कागदी पिशवीत ठेवायचा. खासगी तपासनीसालाही हेच लागू. पडताळायचंय? दोन ओले रुमाल घ्या, एक प्लास्टिकमध्ये बांधा, दुसरा कागदी पिशवीत. चार दिवसांनी दोन्हींचा वास घ्या. (जळिताच्या जागेवरचा नमुना मात्र हवाबंद डब्यातच, नाहीतर त्यातलं पेट्रोल उडून जातं.) पिशवीवर तारीख, वेळ, सही हवी, ती दुसऱ्याच्या हाती गेली की पुन्हा नोंद.