दादरचा एक नंबर आणि एजंटची पंचाईत

डिसेंबर २०२३ पर्यंत दादर स्टेशनात एक नंबरचे प्लॅटफॉर्म दोन होते, एक पश्चिम रेल्वेचा आणि एक मध्य रेल्वेचा. रोजच्या माणसाचं त्यामुळे काही अडलं नाही. 'एक नंबरवर ये' असं कुणी म्हटलं की तो विचारायचा, "वेस्टर्न की सेंट्रल?" नवखा मात्र पुलावरून चार हेलपाटे घालायचा. शेवटी रेल्वेने सलग नंबर दिले: पश्चिमेचे १ ते ७, मध्यचे ८ ते १४. रेल्वेच्या दफ्तरी दोन्ही दादर वेगळीच आहेत, एकाचा कोड डीआर, दुसऱ्याचा डीडीआर. घोळ फक्त माणसांसाठी लावलेल्या पाटीवर होता.

एआय एजंटसाठी सॉफ्टवेअर टूल्सची माहिती लिहिताना मला हा पूल हमखास आठवतो. एजंट म्हणजे चॅटजीपीटीसारखं असं भाषिक मॉडेल, जे नुसतं उत्तर देत नाही तर टूल्स, म्हणजे हाताशी दिलेले छोटे प्रोग्रॅम, वापरून बिल काढणं, मेल पाठवणं अशी कामंही करतं. त्याला 'कुठला एक नंबर?' असं विचारता येतं, पण बहुतेकदा तो स्वतःच अंदाज बांधतो आणि मिळेल त्या गाडीत चढतो.

हे समजायला आतली यंत्रणा थोडी बघावी लागते. मॉडेलला टूलचा कोड सहसा दिसत नाही. त्याच्यासमोर असतं टूलचं नाव, दोन-चार ओळींचं वर्णन आणि कोणती माहिती कुठल्या रूपात द्यायची याची यादी. ते वाचून मॉडेल ठरावीक साच्यातली मागणी लिहितं आणि ती प्रत्यक्षात चालवतो दुसराच प्रोग्रॅम. ओपनएआयने जून २०२३ मध्ये ही सोय आपल्या मॉडेलांना दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाचं खुलं मानक आणलं, म्हणजे टूलची ओळख एकदा लिहिली की वेगवेगळ्या एजंटना ती वाचता येते. मॉडेलच्या लेखी ती ओळख म्हणजेच टूल.

आता माझी फजिती. मुलुंडच्या एका सोसायटीसाठी आम्ही मेंटेनन्सच्या पेमेंटची लिंक पाठवणारं टूल केलं. वर्णन मी लिहिलं होतं: 'पेमेंट लिंक पाठवते.' रक्कम या रकान्यापुढे लिहिलं होतं: 'रक्कम'. चाचणीच्या दुसऱ्याच दिवशी खजिनदार काकांचा फोन. "अहो, मेंटेनन्स पंचेचाळीस रुपये कधीपासून झाला?" ऑनलाइन पेमेंटच्या दुनियेत रक्कम बऱ्याचदा रुपयांत नाही, पैशांत द्यावी लागते. एजंटने ४,५०० रुपयांसाठी सरळ ४५०० लिहिलं, आणि त्याचे झाले ४५ रुपये. आमच्या टीममधल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं, कारण प्रत्येकाने पहिल्या आठवड्यात शेजारच्याला विचारून घेतलं होतं. ते कागदावर मात्र कुठेच नव्हतं.

नवं वर्णन असं झालं: 'सभासदाला मेंटेनन्स भरण्याची लिंक पाठवते. रक्कम पैशांत, पूर्णांकात द्या. ४,५०० रुपयांसाठी ४५०००० लिहा. लिंक गेली की परत घेता येत नाही. थकबाकी नुसती बघायची असेल तर हे टूल वापरू नका, "थकबाकी दाखवा" वापरा.' शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. टूल कशासाठी आहे हे सगळेच लिहितात, कशासाठी नाही हे सांगायला जीभ रेटत नाही. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९७१ ची. तिच्या पानांवर 'बग्ज' नावाचा रकाना असायचा आणि लिहिणारे आपल्याच प्रोग्रॅमची खोड त्यात स्वतः नोंदवायचे. तो प्रामाणिकपणा मध्येच कुठेतरी हरवला.

तारखांचंही तेच. ०५/०६/२०२५ म्हणजे आपल्याकडे ५ जून, अमेरिकेत ६ मे. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस हा आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रम १९८८ पासून आहे; तो सांगून एक नमुना द्यावा, वाद मिटतो.

एररचा मजकूरही एजंट वाचतोच. 'चुकीची माहिती' एवढंच आलं तर तो तीच मागणी पुन्हा पाठवतो, तिकीट खिडकीवर तोच प्रश्न जरा मोठ्या आवाजात विचारावा तसा. 'फ्लॅट नंबर विंगसह द्या, उदा. बी-४०२' असं आलं की पुढच्या वेळी बहुधा बरोबर लिहितो.

मग पानंच्या पानं लिहावीत का? नाही. दिलेली सगळी वर्णनं दर वेळी मॉडेलच्या मर्यादित संदर्भात, म्हणजे एका वेळी ते वाचू शकतं तेवढ्या मजकुरात, जागा अडवतात, आणि चाळीस टूल्सच्या गर्दीत 'बिल आणा' आणि 'बिल मिळवा' अशी जुळी नावं असली तर चांगली वर्णनंही वाया जातात. अशा वेळी एक टूल काढून टाकावं, हे माझं मत. अनोळखी टूल जोडताना आणखी एक सांभाळायचं: वर्णनात लपवलेली भलतीच सूचनाही एजंट आज्ञा समजून पाळू शकतो.

हल्ली नवं वर्णन लिहिलं की ते मी आमच्या इंटर्नला देते. कोड नाही, तोंडी काही सांगणं नाही. फक्त त्या ओळी वाचून तिने मागणी लिहायची. परवा ती पाच मिनिटांत उठून आली. "ताई, जुना सभासद म्हणजे फ्लॅट विकून गेलेला की आधीपासून राहणारा?" मी तिला उत्तर दिलं नाही. ते वर्णनात लिहिलं आणि तिला परत जागेवर पाठवलं.