गोळ्यांची गुंगी आणि पायातले बूट

स्किझोफ्रेनिया असलेला मुलगा दुपारपर्यंत पांघरूण डोक्यावर घेऊन पडलेला दिसला की घरात पहिला शब्द उमटतो तो 'आळशी'. निदान चुकतं ते इथेच. कानात येणारे आवाज आणि संशय ही सायकोसिसची, म्हणजे वास्तवाशी नातं सुटण्याच्या अवस्थेची, चटकन नजरेत येणारी बाजू. मनाची उभारी आटून जाणं, कशातच गोडी न वाटणं ही दुसरी बाजू, आणि ती गोळ्यांना फारशी दाद देत नाही. 'उठ, जरा फिरून ये' असं आपण सांगतो तेव्हा नेमकी जी उभारी उरलेली नाही, तिच्याकडेच काम मागत असतो.

त्यात औषधांची भर. सायकोसिसवरच्या औषधांपैकी ओलान्झापिन आणि क्लोझापिन भूक प्रचंड वाढवतात, रिस्पेरिडोन आणि क्वेटियापिन त्याहून जरा कमी. सायकोसिस असलेल्या लोकांच्या हालचाली मोजल्या, तेव्हा जागेपणीचे सरासरी 11 तास बसून किंवा लोळून जातात असं दिसलं. गंभीर मनोविकार असलेल्या व्यक्तींचं आयुष्य इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षांनी कमी भरतं. आत्महत्या हे त्याचं एक कारण आहेच, पण मोठा वाटा हृदयविकार आणि मधुमेहासारख्या शरीराच्या आजारांचा असतो.

व्यायामाने नेमकं काय मिळतं? 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात रुग्णांनी आठवड्यातून तीनदा, अर्धा-अर्धा तास, तीन महिने व्यायामाची सायकल चालवली. स्मरणशक्तीशी संबंधित असलेला मेंदूचा हिप्पोकॅम्पस हा भाग त्यांच्यात सुमारे 12 टक्क्यांनी वाढलेला आढळला. बातमी गाजली, पण ते रुग्ण होते अवघे आठ, आणि पुढच्या अनेक अभ्यासांत तसं दिसलं नाही. जास्त भरवशाचा आहे तो 2015 चा, अनेक चाचण्या एकत्र तपासणारा आढावा. आठवड्याला साधारण 90 मिनिटं दम लागेल असा व्यायाम केला तर लक्षणं कमी होतात, दमसास वाढतो. वजन मात्र फारसं हललं नाही. महिन्याभरात काटा खाली येईल या आशेवर सुरू केलेला व्यायाम म्हणूनच दुसऱ्या महिन्यात बंद पडतो. आणि व्यायाम औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला.

वेळ ठरवायची ती गोळीचं घड्याळ बघून. रात्री अकराला घेतलेल्या ओलान्झापिनची गुंगी सकाळी सहाला उतरलेली नसते, त्यामुळे 'पहाटे फिरणं उत्तम' हा सल्ला इथे चालत नाही. संध्याकाळी पाच बरे, किंवा गोळी थोडी अलीकडे घेता येईल का ते डॉक्टरांना विचारावं. परस्पर वेळ बदलू नये. क्लोझापिन आणि क्वेटियापिनमुळे एकदम उठताना रक्तदाब घसरून डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसावं, मग उभं राहावं.

नाडीच्या आकड्यांवरही विसंबू नये. क्लोझापिनवर बसल्या जागी नाडी शंभराच्या वर असू शकते, तर नाडी मंद करणारं प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्याची चालूनही फारशी वाढत नाही. साधी कसोटी पुरते: चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. कंप आणि ताठरपणासाठी दिलेल्या ट्रायहेक्सिफेनिडिलमुळे घाम कमी येतो. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी चालायला गेलेल्याला यामुळे उष्माघात होऊ शकतो. पाण्याबाबतही सरसकट 'भरपूर प्या' म्हणू नये. काही शुभार्थी (म्हणजे आजार असलेल्या व्यक्ती) मुळातच पाण्यावर पाणी पितात आणि रक्तातलं सोडियम घसरतं. मनःस्थिती स्थिर ठेवणारं लिथियम चालू असेल तर उलटी काळजी: पाणी आणि मीठ अचानक कमी करायचं नाही.

सतत येरझाऱ्या घालणाऱ्याला पाहून घरचे खूश होतात, 'चालतोय की!' पण बसवतच नसेल, पायात खळबळ असेल, तर ती बहुधा अकॅथिसिया असते, औषधाचा दुष्परिणाम. तिथे आणखी चालवणं हा उपाय नाही, डॉक्टरांना सांगणं हा आहे.

सुरुवात हास्यास्पद वाटावी इतकी लहान हवी. पहिला आठवडा पाच मिनिटं, तीन दिवस, तोच रस्ता, तीच वेळ, आणि शक्यतो काहीतरी आणायचं निमित्त: दूध, कोथिंबीर. बूट आदल्या रात्री दाराशी काढून ठेवायचे. पुढे दर आठवड्याला तीन-चार मिनिटं वाढवली तर आठव्या आठवड्यात अर्धा तास गाठता येतो. त्यातली शेवटची दहा मिनिटं भरभर. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठ-बस आणि भिंतीला टेकून जोर. ताठरपणामुळे पाऊल घासत असेल तर आधी हात मुद्दाम हलवत चालायला शिकवावं. सोबत शुभंकराने (काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाने) चालावं, शक्यतो गप्पच. मागून सूचना देऊ नयेत. घरातली सततची टीका आजार उलटण्याचा धोका वाढवते.

संशय जोरात असेल तेव्हा आरसे, कॅमेरे आणि कर्कश गाण्यांची जिम टाळावी. मनगटावरचं पावलं मोजणारं घड्याळही 'माझ्यावर पाळत आहे' या भ्रमाला खाद्य पुरवतं. कानात आवाज येत असतील तर हेडफोनवरचं गाणं बऱ्याच जणांना साथ देतं, रस्ता ओलांडताना तेवढं काढायचं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या अभ्यासांत योगासनांचा चांगला उपयोग दिसला आहे. आसनं, सूर्यनमस्कार करावेत. भास चालू असताना डोळे मिटून लांबलचक ध्यान किंवा जोरकस श्वसन मात्र नको.

क्लोझापिन सुरू झाल्यावर पहिल्या दोन महिन्यांत ताप, छातीत दुखणं किंवा थोडं चालून धाप लागणं दिसलं तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असू शकते.

आजार उलटून खंड पडला तर आधीच्या निम्म्या वेळापासून पुन्हा सुरू करावं. वजनापेक्षा टेपवर भर द्यावा: शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, महिन्यातून एकदा. पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या वर माप गेलं तर साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं. कॅलेंडरवर खूण मात्र मिनिटांची नाही, बाहेर पडल्याची करावी. बूट घालून गेटपर्यंत जाऊन परत आला, तरी त्या दिवसाची खूण होतेच.