पाचारण आलं म्हणजे गुरुदीक्षा ठरली का?

बारावी झालेला मुलगा सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, गेला की वसईच्या आळीत बातमी फिरते, 'त्याला पाचारण आलंय, फादर होणार.' या एका वाक्यात दोन निराळ्या गोष्टी एकत्र कालवल्या आहेत. पाचारण म्हणजे देव आपल्याला सेवेला बोलावतो आहे अशी जाणीव. तिची सुरुवात एका माणसाच्या मनात होते आणि तिथे दुसऱ्या कुणाला डोकावता येत नाही. गुरुदीक्षा म्हणजे बिशपांनी, धर्मप्रांताच्या प्रमुखांनी, डोक्यावर हात ठेवून दिलेला धर्मगुरूपदाचा संस्कार. तो चर्चमध्ये, चारचौघांसमोर, ठरलेल्या विधीने होतो आणि त्याची वहीत नोंद होते. पहिलीतून दुसरी आपोआप निघत नाही. हे ध्यानात न घेतल्यामुळेच चौथ्या वर्षी सेमिनरीतून परत आलेल्या मुलाबद्दल 'काहीतरी भानगड केली असेल' असं बोललं जातं. प्रत्यक्षात सेमिनरीने आपलं काम चोख केलेलं असतं.

पुढचं बरंचसं कॅथलिक पद्धतीबद्दल आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत गणित थोडं वेगळं बसतं, ते ओघात येईल.

एक आहे, दुसरं नाही

दोन्हींची फारकत वसईकरांच्या घरातच आहे. संत गोन्सालो गार्सिया वसईचे. ते जपानला गेले, तिथे व्यापार केला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन या व्रतस्थांच्या संघात आले आणि ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीत क्रुसावर मारले गेले. १८६२ साली त्यांना संतपद मिळालं. त्यांच्या पाचारणाबद्दल कोण शंका घेईल? पण ते धर्मगुरू नव्हते. संघातले ब्रदर होते, मिस्सा, म्हणजे भाकर-द्राक्षारसाची मुख्य उपासना, अर्पण करण्याचा अधिकार त्यांना कधीच नव्हता.

(इथे 'ब्रदर' या शब्दाचाही घोळ आहे. आपल्याकडे सेमिनरीत शिकणाऱ्यालाही ब्रदर म्हणतात आणि आयुष्यभर दीक्षेशिवाय संघात राहणाऱ्या व्रतस्थालाही. पहिला उद्या फादर होईल, दुसऱ्याला व्हायचंच नाही. 'अजून फादर झाला नाही का?' हा प्रश्न दुसऱ्याला विचारणं म्हणजे त्याचं पाचारण अर्धवट समजणं.)

उलट बाजूही जुनी आहे. इ.स. ३९१मध्ये ऑगस्टीन (पुढचे संत आणि चर्चचे मोठे विचारवंत) उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो गावात गेले होते. चर्चमध्ये लोकांनी त्यांना धरलं, बिशपांपुढे उभं केलं आणि तिथेच दीक्षा द्यायला लावली. ऑगस्टीन रडत होते. त्याआधी ३७४मध्ये मिलानच्या लोकांनी अँब्रोज या प्रांताधिकाऱ्यांना बिशप म्हणून घोषित केलं, तेव्हा त्यांचा बाप्तिस्मासुद्धा झालेला नव्हता. बाप्तिस्म्यापासून बिशपपदापर्यंतचं सगळं आठवडाभरात उरकलं. आज असं करता येणार नाही. पण हाक आधी मंडळीकडून आली आणि माणसाचं मन मागून तयार झालं, असंही घडलेलं आहे.

गोव्याच्या संत जुझे वाझ यांची दीक्षा १६७६ची. ऑरेटरी या समूहात ते गेले १६८५मध्ये आणि वेषांतर करून श्रीलंकेत पोचले १६८७मध्ये. म्हणजे ज्या कामासाठी जग त्यांना ओळखतं, त्याची हाक दीक्षेनंतर दहा-अकरा वर्षांनी आली. पाचारण पुढे सरकत राहतं, दीक्षा मात्र एकदाच होते.

ओढ हा पुरावा नव्हे: १९१२चा निकाल

पाचारण नेमकं कशात असतं यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये कडाक्याचा वाद झाला. एका बाजूचं म्हणणं असं की पवित्र आत्मा उमेदवाराच्या अंतःकरणात एक गोड ओढ निर्माण करतो, ती ओढ म्हणजेच पाचारण. ती आहे की नाही, एवढंच सेमिनरीने शोधायचं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, हाक द्यायची ती बिशपांनी. प्रकरण रोमला गेलं. दहाव्या पायस पोपनी कार्डिनलांची समिती नेमली आणि १९१२च्या उन्हाळ्यात तिचा निकाल मंजूर केला.

निकालाचा गाभा तीन मुद्द्यांत येतो. बिशपांनी मोकळेपणी निवड करण्याआधी दीक्षेवर कुणाचाही हक्क नसतो. पाचारण म्हणजे अमुक एक आतली ओढ असं सरसकट मानायचं कारण नाही. आणि उमेदवाराकडे दोनच गोष्टी पाहायच्या, हेतू सरळ आहे का आणि त्याच्यात योग्यता आहे का. योग्यतेत अभ्यास, स्वभाव, आचरण आणि कामाचा भार पेलण्याची ताकद हे सगळं आलं.

हा निकाल मला फार माणुसकीचा वाटतो. एक तर ज्याला कधी आवाज ऐकू आला नाही, स्वप्न पडलं नाही, अशा शांत डोक्याच्या मुलाची चिंता मिटते. दुसरं म्हणजे 'मला देवाने सांगितलंय, तुम्ही अडवणारे कोण?' या दाव्याला उत्तर मिळतं. आतला आवाज खरा असेलही, पण तो खरा आहे हे ठरवायचं काम ऐकणाऱ्याचं एकट्याचं नाही.

प्रॉटेस्टंट परंपरेत आतल्या हाकेचं वजन जास्त आहे आणि ते विधीतच दिसतं. अँग्लिकनांच्या (इंग्लंडच्या चर्चच्या) १६६२च्या प्रार्थनापुस्तकात डीकन (धर्मगुरूपदाच्या आधीची पायरी) होणाऱ्याला बिशप सर्वांसमोर विचारतात की, पवित्र आत्म्याने तुला आतून प्रवृत्त केलं आहे असा तुझा भरवसा आहे का? रोमन विधीत हा प्रश्न नाही. तिथे 'करशील का?' असंच विचारतात, म्हणजे भर निश्चयावर आहे. २९ नोव्हेंबर १९७०ला नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात डीकन, प्रेसबिटर (धर्मगुरू), बिशप अशा पायऱ्या आहेत, पण पाळकांना लग्न करता येतं आणि स्त्रियांनाही दीक्षा मिळते. स्वतंत्र मंडळ्यांत स्थानिक मंडळीच हाकेची पारख करते. काही ठिकाणी तेवढीही होत नाही, हाक आली म्हणणारा स्वतःच पाटी लावून पास्टर होतो. रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १९१७मध्ये मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा समूह सुरू केला, तेव्हा दीक्षा जुनीच होती. बदलली ती हाक, किंवा ती ऐकण्याची रीत.

पारख कशी होते

कॅथलिक सेमिनरीतली वर्षं म्हणजे नुसतं कॉलेज नव्हे. २०१६मध्ये रोमने जारी केलेल्या मार्गदर्शक आराखड्यात आधी एक ते दोन वर्षांचा पूर्वतयारीचा टप्पा आहे. मग तत्त्वज्ञान, मग ईशज्ञान (थिऑलॉजी), शेवटी प्रत्यक्ष कामाचा टप्पा. चर्चच्या कायद्यानुसार तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान सहा वर्षं होतात, त्यातली दोन तत्त्वज्ञानाची आणि चार ईशज्ञानाची. जेजुइटांसारख्या संघात आधी दोन वर्षांचं नॉव्हिशिएट (संघातली उमेदवारी), मधे शाळेत किंवा मिशनवर प्रत्यक्ष काम, म्हणून बारा-तेरा वर्षं सहज लागतात. वयाची अट डीकनसाठी २३ पूर्ण, धर्मगुरूसाठी २५ पूर्ण, आणि दोन दीक्षांमध्ये किमान सहा महिन्यांचं अंतर.

कागदपत्रं साधीच असतात. सुरुवातीला बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराचे) दाखले. दुसऱ्या सेमिनरीतून किंवा संघातून काढलेला मुलगा असेल, तर तिथल्या वरिष्ठांचं पत्र, आणि त्यात काढण्याचं किंवा सोडण्याचं कारणही आलं पाहिजे. हे पत्र मागायचा कंटाळा केला की एका ठिकाणी नाकारलेला उमेदवार दुसऱ्या धर्मप्रांतात गुपचूप शिरतो, आणि त्याचे भोग पुढे साध्या माणसांना भोगावे लागतात.

दीक्षेआधी उमेदवाराने एक अर्ज द्यायचा असतो. तो स्वतःच्या हाताने लिहिलेला आणि सही केलेला लागतो. टाइप केलेला किंवा छापील नमुना चालत नाही. 'मी स्वेच्छेने आणि मोकळेपणी ही दीक्षा मागतो आणि जन्मभर या सेवेला वाहून घेईन' असा त्याचा आशय. हाताने लिहायची सक्ती का, तर एकेक शब्द लिहिताना हात थांबायला हवा असेल तर तो थांबावा. कुणावर कसलाही दबाव आणून दीक्षा घ्यायला लावणं कायद्याने निषिद्ध आहे. 'मूल जगलं तर देवाला देईन' असा आईने केलेला नवस हाही दबावच. नवस आईचा, पाचारण मुलाचं. आईच्या शब्दावर मुलाने सही करायची नसते.

सेमिनरीचे प्रमुख उमेदवाराबद्दल लेखी साक्ष देतात. श्रद्धेची समज, भक्ती, चारित्र्य, कामाची पात्रता, शिवाय शरीराची आणि मनाची तब्येत, सगळं त्यात येतं. बिशप आणखी चौकशी करू शकतात, गावच्या चर्चमध्ये जाहीर घोषणाही करू शकतात, लग्नाआधी करतात तशी. दीक्षेला अडथळा ठरेल असं काही कुणाला ठाऊक असेल, तर ते आधीच कळवणं श्रद्धावंतांचं कर्तव्य आहे. आपल्याकडे लोक ते दीक्षेनंतर, जेवणाच्या पंगतीत बोलतात.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. सगळ्यांना वाटतं की मागे न फिरण्याची रेषा म्हणजे गुरुदीक्षा. ती रेषा खरं तर डीकनपदाची दीक्षा. धर्मगुरू होऊ पाहणाऱ्याने ब्रह्मचर्य जाहीरपणे स्वीकारायचं ते तिथे, धर्मप्रांताशी किंवा संघाशी कायद्याने जोडला जातो तोही तिथे. त्याआधी धर्मप्रांताच्या सेमिनरीतून घरी परतायला बॅग भरली की पुरे. त्यानंतर ब्रह्मचर्यातून सुटका फक्त पोप देऊ शकतात. उलट बाजूही पाहा. डीकन झालेल्याला धर्मगुरू होण्यापासून बिशप मनात आलं म्हणून रोखू शकत नाहीत, त्याला कायद्यात बसणारं कारण लागतं आणि डीकनला वर दाद मागता येते. म्हणून शंका असेल तर ती डीकनपदाआधी काढायची. पहिल्या मिस्सेच्या पत्रिका छापल्यावर निघालेली शंका कुणालाच परवडत नाही.

विधीत नेमकं काय घडतं

दीक्षेची सुरुवातच हाकेने होते, आणि ती माणूस देतो. डीकन उमेदवाराचं नाव पुकारतो. उमेदवार म्हणतो, 'मी हजर आहे,' आणि पुढे येतो. एक धर्मगुरू बिशपांना विनंती करतो की याला दीक्षा द्यावी. बिशप विचारतात, हा लायक आहे हे तुम्हांला ठाऊक आहे का? उत्तर येतं की लोकांत चौकशी केली आहे, जबाबदार व्यक्तींची शिफारस आहे, हा लायक ठरला आहे. मग बिशप निवड जाहीर करतात आणि लोक 'देवाला धन्यवाद' म्हणतात. १९१२चा सगळा निकाल या दोन-तीन मिनिटांत डोळ्यांसमोर घडतो. लोक तेवढ्या वेळात मोबाइल सरळ करत असतात.

प्रवचनानंतर प्रश्नोत्तरं. उमेदवार गुडघे टेकून आपले जोडलेले हात बिशपांच्या हातांत देतो आणि आज्ञापालनाचं वचन देतो. मग तो जमिनीवर पालथा पडतो आणि संतांची लितानी (एकेका संताचं नाव घेऊन केलेली प्रार्थना) गायली जाते. यानंतर गाभ्याचा क्षण येतो. बिशप एक शब्दही न बोलता दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवतात. उपस्थित धर्मगुरूही एकेक करून ठेवतात. मग बिशप दीक्षेची प्रार्थना म्हणतात. एवढ्यावर दीक्षा पूर्ण होते. स्टोल आणि कॅझ्युला ही धर्मगुरूची उपासनेची वस्त्रं घालणं, तळहातांना क्रिझ्मा तेल लावणं, भाकर-द्राक्षारसासह थाळी आणि चषक हाती देणं, हे सगळं त्यानंतर येतं. मध्ययुगात पुष्कळांना वाटे की चषक हातात दिला तीच दीक्षा. बाराव्या पायस पोपनी ३० नोव्हेंबर १९४७ला स्पष्ट केलं की पुढच्या काळासाठी आवश्यक कृती फक्त हात ठेवण्याची.

बिघडलं तर

पाचारणाचा अंदाज चुकू शकतो. ओढ आटते, परिस्थिती बदलते, किंवा माणसाला कळतं की आपल्याला हवी होती ती सेवा, धर्मगुरूपद नव्हे. वैध दीक्षा मात्र कधी रद्द होत नाही. धर्मगुरूला पदाच्या जबाबदाऱ्यांतून मोकळं केलं जातं, रोमकडून सूट मिळाली तर त्याचं लग्नही होतं, पण संस्काराची खूण पुसत नाही. याचा प्रत्यक्ष अर्थ असा. वीस वर्षांपूर्वी धर्मगुरूपद सोडलेला, आता बँकेत नोकरी करणारा माणूस अपघाताच्या जागी असेल आणि मरणाच्या दारात असलेल्या कुणी पापनिवेदन करायची इच्छा दाखवली, तर तो त्याला पापमुक्ती देऊ शकतो. ती वैध असते आणि कायद्याला धरूनही असते. एरवी त्याने मिस्सा करायची नाही, पण त्या घटकेला चालतं.

दीक्षेची नोंद धर्मप्रांताच्या कार्यालयातल्या खास वहीत होते. शिवाय उमेदवाराचा बाप्तिस्मा जिथे झाला त्या चर्चला कळवलं जातं, आणि तिथल्या बाप्तिस्म्याच्या वहीत त्याच्या नावापुढे ती टिपली जाते. हे कळवायचं कधी कधी राहून जातं, तेव्हा घरच्यांनी एकदा विचारून घ्यावं. चर्चमध्ये लग्न करायचं तर बाप्तिस्म्याचा ताजा उतारा मागतात आणि वहीतली प्रत्येक टीप त्यावर उतरते. दीक्षा झालेल्याने सुटकेविना केलेलं लग्न चर्चच्या दृष्टीने लग्नच नसतं. म्हणून सोडून गेलेला माणूस दूरच्या शहरात लग्नाची चौकशी करायला गेला, तरी तिथल्या धर्मगुरूला ही गोष्ट उताऱ्यावरच दिसते.